टाळेबंदीत हरवलेले क्षयरोगी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



'टाळेबंदी' हा शब्द कामगार चळवळीला नवा नाही. गिरणगावाने तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. मालक फाटकाला कुलूप लावतो, कामगार फाटकाबाहेर राहतो, आणि भांडण कोणाशी आहे हे दोघांनाही ठाऊक असते. २०२० सालच्या मार्च महिन्यात या शब्दाला निराळाच अर्थ चिकटला. या वेळी कुलूप राज्यसंस्थेने लावले आणि कामगार कुलुपाच्या आत राहिला. बुडालेली मजुरी कोणाकडे मागायची, हे मात्र त्याला कोणी सांगितले नाही. मालकांनी पूर्ण वेतन द्यावे असा आदेश केंद्र सरकारने २९ मार्चला काढला खरा. परंतु १८ मेपासून तो मुकाट्याने मागे घेतला गेला. शब्द एकच असला तरी पहिल्या टाळेबंदीत कामगाराला निदान संघटना होती. दुसऱ्या टाळेबंदीत त्याला स्वतःची खोकल्याची उबळही शेजाऱ्यापासून लपवावी लागली. आजच्या विवेचनाचा विषय तो खोकलाच आहे.

देशव्यापी टाळेबंदी २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून अंमलात आली. एकशे तीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाला चार तासांची पूर्वसूचना मिळाली. ही टाळेबंदी योग्य होती की अयोग्य, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील बरेचसे लिखाण आधी बाजू ठरवून मग केलेले आहे. प्रस्तुत प्रश्न त्याहून मर्यादित आहे, आणि म्हणूनच कदाचित अधिक उपयोगाचा. एका साथीसाठी सर्व समाजव्यवहार थांबवला, तेव्हा त्याच समाजात आधीपासून ठाण मांडून बसलेल्या इतर संसर्गजन्य रोगांचे काय झाले?

प्रथम जे खरे आहे ते मान्य करणे इष्ट. माणसे एकमेकांपासून दूर राहिली, शाळा बंद राहिल्या, प्रवास थांबला, मुखपट्ट्या आल्या. त्याबरोबर श्वासावाटे झपाट्याने पसरणारे काही रोग खरोखरच ओसरले. २०२०-२१ च्या हंगामात जगाच्या फार मोठ्या भागात इन्फ्लुएन्झाची साथ जवळजवळ आलीच नाही. इन्फ्लुएन्झा-बी विषाणूची 'यामागाता' नावाची एक शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीलायकपणे कोठेच आढळली नाही; इतकी, की २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ती लसीतून वगळावी असा सल्ला दिला. टाळेबंदीचा इतर रोगांवर केवळ वाईटच परिणाम झाला असे म्हणणाऱ्याने हा पुरावा नजरेआड करू नये.

परंतु सर्व रोग एकाच वाटेने येत नाहीत. सिंगापूरचे उदाहरण बोलके आहे. तेथील सरकार कार्यक्षम, घरे पक्की, नगरपालिका शिस्तीची. ७ एप्रिल ते १ जून २०२० या काळात तेथे कडक निर्बंध होते, आणि त्याच वर्षी तेथे डेंग्यूचे ३५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्या शहरराज्याच्या इतिहासातील तोवरचा तो उच्चांक होता. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घराच्या आसपासच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्या वर्षी तेथे विषाणूचा प्रकार बदलला होता, हेही एक कारण होते. तरी माणसांना दिवसभर घरात बसवणे म्हणजे या डासाची सोय करणे होय, हे नाकारता येत नाही. आफ्रिकेत हिवतापाने तेच निराळ्या मार्गाने दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या हिवताप अहवालानुसार २०२० साली जगात आदल्या वर्षापेक्षा सुमारे ६९ हजार मृत्यू अधिक झाले, आणि त्यांतील सुमारे ४७ हजार मृत्यूंचा संबंध निदान, उपचार व प्रतिबंधाच्या सेवा विस्कळीत होण्याशी होता. डासांची संख्या वाढली म्हणून ही माणसे मेली नाहीत. औषध त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही.

भारतापुरते बोलायचे तर या साऱ्या हिशेबाचा मुख्य रकाना क्षयरोगाचा आहे.

२०१९ साली देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती १८ लाखांच्या आसपास आली. एका वर्षात सहा लाख रुग्ण कमी! एखाद्या कारखान्याच्या वार्षिक अहवालात असा आकडा आला असता तर संचालक मंडळाने स्वतःचे अभिनंदन करून घेतले असते. पण सहा लाख माणसे बरी झाली नव्हती. ती सापडलीच नव्हती. जगभरात २०२० साली नव्या क्षयरुग्णांची नोंद ७१ लाखांवरून ५८ लाखांवर घसरली, आणि त्या घसरणीत एकट्या भारताचा वाटा ४१ टक्के होता. त्याच वर्षी, दहा वर्षांहून अधिक काळ सतत घटत आलेले क्षयाचे जागतिक मृत्यू पुन्हा वाढले. नोंदी घटल्या आणि मृत्यू वाढले, हे दोन आकडे एकत्र वाचले म्हणजे मधली गोष्ट आपोआप कळते.

ही नोंद घटली कशी, हे तपशिलात पाहिले पाहिजे. कारण सार्वजनिक आरोग्य हे धोरणांच्या मथळ्यांत राहत नाही, ते अशा तपशिलांतच राहते. क्षयरोगी सापडण्यासाठी एक साखळी जुळावी लागते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसाला आपण आजारी आहोत असे वाटले पाहिजे. मग तो वस्तीतल्या डॉक्टराकडे गेला पाहिजे. त्या डॉक्टराला शंका येऊन त्याने थुंकीच्या तपासणीला पाठवले पाहिजे. तपासणी केंद्रात तंत्रज्ञ व यंत्र हजर असले पाहिजे. आणि निदान झाल्यावर कोणीतरी सहा महिने त्याच्या गोळ्यांकडे लक्ष ठेवले पाहिजे. टाळेबंदीत या साखळीची एकही कडी शाबूत राहिली नाही. वस्त्यांतील अनेक खाजगी दवाखाने बंद झाले. रेल्वे आणि एस.टी. बंद. क्षय नियंत्रणाच्या कर्मचाऱ्यांना कोविडच्या कामावर घेतले गेले. क्षयाचे जंतू काही तासांत ओळखणारी जी जीनएक्सपर्ट आणि ट्रूनॅट यंत्रे (यांतील दुसरे गोव्यातील एका कंपनीने विकसित केले, ही आपल्याकडील संशोधनाची अभिमानाची बाब) ती कोविडच्या चाचण्यांना जुंपली गेली. यंत्र तेच आणि तंत्रज्ञही तोच. पुढ्यातला नमुना मात्र बदलला. तातडीच्या प्रसंगी असे करावे लागते, हे समजू शकते. पण एका रोगाचे यंत्र दुसऱ्या रोगाला दिले, तर पहिल्या रोगासाठी काय ठेवले, हे विचारणारा मंत्रिमंडळाच्या बैठकीत कोणी तरी असायला हवा होता.

आणि साखळीची पहिली कडी सर्वांत नाजूक. त्या महिन्यांत खोकणे हा जणू गुन्हा ठरला होता. खोकला म्हणजे कोविडचा संशय, संशय म्हणजे विलगीकरण केंद्र, आणि केंद्र म्हणजे चाळीच्या दारावर चिकटवलेला कागद. अशा वेळी खोकणारा माणूस काय करतो? तो तोंडावर टॉवेल धरून खोलीच्या कोपऱ्यात खोकतो. ती खोली दहा बाय दहाची असते, तिला बहुधा एकच खिडकी असते, आणि टाळेबंदीमुळे एरवी कामावर किंवा शाळेत जाणारी सहा-सात माणसे त्या खोलीत चोवीस तास असतात. क्षयाचा जंतू हवेत तरंगत राहतो. बंद हवेत तर अधिकच. उपचार न झालेला एक संसर्गजन्य क्षयरोगी वर्षभरात निकटच्या दहा-पंधरा माणसांना संसर्ग देऊ शकतो, असे वैद्यकशास्त्र मानत आले आहे. रस्त्यावरील संसर्ग टाळेबंदीने कमी केला असेल. पण घरातील संसर्गाला तिने मुक्तद्वार दिले. आणि या रोगाची चाल मंद. ज्या मुलाच्या फुप्फुसात २०२० साली जंतू शिरला, त्याला रोग दोन वर्षांनी होईल, कदाचित दहा वर्षांनी होईल. तेव्हा त्या रोगाच्या कागदावर 'टाळेबंदी' हे कारण कोणी लिहिणार नाही.

येथे अर्थशास्त्र वैद्यकशास्त्राला येऊन भिडते. क्षय हा दारिद्र्याचा रोग आहे, हे वाक्य सभांतून इतके वापरले गेले आहे की त्याची धार गेली आहे. ती पुन्हा लावण्याचे काम झारखंडमधील एका प्रयोगाने केले. क्षयरोग्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा त्यात समावेश होता. काही कुटुंबांतील सर्वांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषक गोळ्या दिल्या गेल्या. इतर कुटुंबांत फक्त रोग्याला शिधा दिला गेला. २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्यांच्या घरात सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी. कोणतीही नवी लस नाही, परदेशी औषध नाही, केवळ डाळ-तांदूळ. आता हाच निष्कर्ष उलट दिशेने वाचावा. डाळभाताने क्षय निम्म्यावर येत असेल, तर डाळभात हिरावून घेतल्याने काय होत असेल? 'सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी' या संस्थेच्या अंदाजानुसार एप्रिल २०२० मध्ये सुमारे १२ कोटी लोकांचा रोजगार गेला. त्या वर्षीच्या एप्रिल-जून तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी आकसले. हे आकडे वृत्तपत्रांनी अर्थविषयक पानावर छापले. त्यांची जागा आरोग्याच्या पानावर होती.

सरकारने मोफत धान्य दिले नाही काय? दिले. एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकाधारकांना माणशी पाच किलो जादा धान्य मिळू लागले, आणि या योजनेने अनेक घरांतील चूल पेटती ठेवली हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. पण बिहार-झारखंडच्या मजुराची शिधापत्रिका गावी, आणि मजूर भिवंडीच्या यंत्रमागावर. कोठेही धान्य घेता येईल अशी व्यवस्था सर्व राज्यांनी ३१ जुलै २०२१ पर्यंत करावी, असे सर्वोच्च न्यायालयाला जून २०२१ मध्ये बजावावे लागले. म्हणजे टाळेबंदी लागली चार तासांत, आणि शिधापत्रिका चालू व्हायला सव्वा वर्ष. मधल्या काळात माणसे चालत निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून निघाले होते. सप्टेंबरमध्ये संसदेत विचारले गेले तेव्हा कामगार मंत्रालयाने सांगितले की वाटेत मेलेल्या स्थलांतरितांची आकडेवारी उपलब्ध नाही. जे मोजले जात नाही त्याची भरपाई करावी लागत नाही, हा सरकारी हिशेबाचा जुना नियम आहे.

मुळात टाळेबंदीने कोविडपासून तरी गरिबांचे रक्षण केले काय? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था तीत सहभागी होत्या. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता. त्याच प्रभागांतील इमारतींत १६ टक्के लोकांना. साडेतीन महिने दोन्हींकडे कायदा एकच होता. पण ज्याच्या घरात शौचालय आहे तो घरात राहू शकतो. ज्याला पहाटे सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहावे लागते, त्याला 'घरात राहा' हा आदेश पाळणे शक्यच नसते. एका विशिष्ट प्रकारच्या घरात राहणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच तो आदेश लिहिला गेला होता.

गोवरची कथा थोडक्यात सांगता येईल. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत नियमित लसीकरणाची सत्रे अनेक ठिकाणी थांबली. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या एकत्रित लसीचा पहिला डोसही न मिळालेली मुले भारतात २०१९ साली सुमारे १४ लाख होती. २०२० साली ती ३० लाखांवर गेली, असा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा अंदाज आहे. लशी एकाच सत्रात, एकाच परिचारिकेकडून दिल्या जातात. जेथे एक चुकते तेथे दुसरीही चुकते. गोवरसारख्या अतिसंसर्गजन्य रोगाला रोखण्यासाठी शंभरांतील पंचाण्णव मुले संरक्षित असावी लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवरची साथ उसळली, भिवंडी आणि मालेगावलाही तिने गाठले, आणि मुले दगावली. काही घरांत लसीविषयी अविश्वास होता, हेही त्या वेळी सांगितले गेले, आणि ते खोटे नव्हे. परंतु जी आरोग्यसेविका दोन वर्षे लस घेऊन दारात आली नाही, ती एकदम विश्वासाची मागणी करू लागली तर तिला उशीर झालेला असतो. अविश्वासही रोगासारखाच दुर्लक्षातून वाढतो.

हे सारे महाराष्ट्राने एकदा पाहिले होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. जेमतेम चार कलमांचा तो कायदा. पहिल्यात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला वाटतील ते उपाय योजण्याचा अधिकार, तिसऱ्यात आज्ञाभंगाची शिक्षा, चौथ्यात अधिकाऱ्याला संरक्षण. रोग्याचा विचार त्यात आहे तो तपासण्याची आणि वेगळी काढण्याची वस्तू म्हणून. पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजीर घरांत शिरले, तेव्हा लोकांनी काय केले? रोगी लपवले. गाठ आलेला माणूस माळ्यावर ठेवला, प्रेत गुपचूप हलवले, ज्यांना जमले ते गावोगाव पळाले आणि प्लेग बरोबर घेऊन गेले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो इतिहास शाळेत शिकवला जातो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यशवंतरावांच्या दवाखान्यात रोग्यांना आणून त्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले. साथीला समाज दोन प्रकारे उत्तर देऊ शकतो, आणि दोन्ही उत्तरे एकाच गावात, एकाच वर्षी दिली गेली होती. २०२० साली राज्यांनी हाती घेतला तो १८९७ चाच कायदा. त्याला सव्वाशे वर्षांत जी लक्षणीय भर पडली ती २०२० सालची: आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा. भर योग्यच होती. परंतु रोग्याच्या हक्काची एक ओळही त्या वेळी कोणाला सुचली नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. टाळेबंदी केली नसती तर कोविडनेच अधिक माणसे मारली नसती काय? कोविड हा क्षुल्लक रोग होता असे म्हणणाऱ्यांची येथे पाठराखण करायची नाही. २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारला तो मान्य नाही, पण सरकारी आकडा वास्तवापेक्षा फार कमी होता हे स्मशानांनी २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दाखवले. टाळेबंदीचे शास्त्रीय समर्थन एवढेच असू शकते, की ती वेळ मिळवून देते. मग मिळालेला वेळ कोठे खर्च झाला, हा प्रश्न उरतो. २०२१ च्या वसंतात प्राणवायूवाचून रुग्णालयांच्या दारांत माणसे तडफडली, त्यावरून उत्तर समजावे. केरळने निर्बंधांबरोबरच कुटुंबश्रीच्या स्त्रियांकरवी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. तेथेही चुका झाल्या असतील. परंतु कुलूप आणि शिधा या दोन गोष्टी एकाच वेळी सुचू शकतात, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

२०२२ साली क्षयरुग्णांची नोंद पुन्हा २४ लाखांवर आली, आणि कार्यालयांतून समाधान व्यक्त झाले. हे समाधान अपुरे आहे. मधल्या वर्षांत न सापडलेले रोगी नंतर सापडले असतील, तर ते अधिक आजारी होऊन, घरातल्यांना संसर्ग देऊन सापडले. आणि जे सापडण्याआधीच गेले ते कोणत्याच वहीत नाहीत. २०२५ पर्यंत क्षयाचे निर्मूलन करण्याची घोषणा २०१८ साली झाली होती. २०१५ साली लाखामागे २३७ असलेले नव्या रोग्यांचे प्रमाण २०२३ साली १९५ होते. उद्दिष्ट ऐंशी टक्के घटीचे आणि घट अठरा टक्क्यांची. याचा सारा दोष टाळेबंदीवर टाकणे हीसुद्धा एक पळवाट ठरेल. ज्या देशात २०१९-२० साली सरकारचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३५ टक्के होता आणि एकूण खर्चातील ४७ टक्के भार रोग्याच्या खिशावर होता, त्या देशाची आरोग्ययंत्रणा साथ नसतानाही वाकलेलीच होती. टाळेबंदीने वाकलेली वस्तू मोडली, इतकेच.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये १८९७ च्या कायद्याचा आढावा घेऊन तो अपुरा असल्याचे सांगितले. नवा कायदा केव्हा तरी येईल. तो आणताना पोलिसांना, जिल्हाधिकाऱ्याला, केंद्राला अधिक अधिकार देण्याची भाषा आधी होईल, कारण ती भाषा राज्यसंस्थेला पाठ आहे. समाजवादी कार्यकर्त्यांनी त्या मसुद्यात काही कलमे आग्रहाने मागितली पाहिजेत. लोकव्यवहार थांबवणाऱ्या प्रत्येक आदेशाबरोबर, त्याच कागदावर, त्याच सहीने, बुडणाऱ्या मजुरीची आणि शिध्याची तरतूद असली पाहिजे. ती नसेल तर आदेश अवैध ठरावा. क्षय, लसीकरण आणि बाळंतपण यांचे कर्मचारी व यंत्रे साथीच्या कामाला घ्यायची असतील, तर बदली माणसे व बदली यंत्रे आधी हजर करावीत. आणि टाळेबंदी चालू असताना दर आठवड्याला, कोविडसारख्या साथीच्या आकड्यांशेजारीच, त्या आठवड्यात किती क्षयरोग्यांचे निदान झाले, किती मुलांना गोवरची लस मिळाली आणि आदल्या वर्षी त्याच आठवड्यात या संख्या किती होत्या, हे जिल्हावार प्रसिद्ध करणे सरकारवर बंधनकारक असावे.